सर उर्वशीले सोडणार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सगळ्यात आधी आली साधना. सकाळी सात वाजता, चहा व्हायच्या आत, डोळे पुसत. शेजारची बाई आंगणात अशी उभी, जसं आमच्या घरचं कोणी गेलं. म्हणली, मावशी, खरं काय वो? सर उर्वशीले सोडून राह्यले म्हणते. मी खुशीत म्हणलं, होय तर! सोळा तारखेले, रविवारी. पोट्टीनं लई मेहनत घेतली त्याच्यासाठी. साधना पाहतच राह्यली. मंग म्हणली, मावशी, तुमची छाती मोठी.

तिच्या मागून सुकलूची बायको, तिच्या मागून तिची सासू. कोणी बसेना, कोणी चहा घेईना. सासू माह्या पाठीवरून हात फिरवून म्हणली, माणसाची जातच तशी. मी म्हणलं, नाई वो, आमचे सर चांगले आहेत, मन भरल्याबिगर सोडत नाई. सासूनं कानाले हात लावले.

दुपारी माहा लहाना भाऊ इस्तारी. जिवतीवरून, दोन बसा बदलून, संग दोन म्हातारे. फाटकातूनच ओरडला, बाई, कुठी आहे तो मास्तर? लग्न लावलं तवा आम्हाले पत्रिका नाई, अन् सोडताना पंच आम्ही काय?

तवा माह्या ध्यानात आलं.

काल बचतगटाच्या हळदीकुंकवात मी सहज सांगतलं होतं, सर सोळा तारखेले उर्वशीले सोडणार. उर्वशी माही नात. गावापलीकडच्या पट्टीवर इमान चालवणं शिकते. हेमराज सर शिकवतात. आधी सर बाजूले बसतात. पोट्टी तयार झाली का सर खाली उतरतात, अन् तिले एकटीले इमानासंग सोडतात. एक चक्कर मारायची अन् सुखरूप खाली यायचं. त्या लोकांत यालेच सोडणं म्हणतात. बायांनी आपल्या घरातलं सोडणं समजलं, त्यात माहा काय दोष? मी मराठीतच बोलली.

इस्तारीले सगळं समजावलं. तो नाराज झाला. म्हणे, एवढ्या दुरून भांडाले आलो, आता भांडू कोणासंग? तीन भाकरी खाल्ल्या तवा कुठी शांत झाला. जाताना म्हणला, मंग सोळा तारखेले गाडी करतो, सगळं घर आणतो पाहाले.

संध्याकाळी सर आले. सर आमच्याच मागच्या खोलीत राहतात, जेवण माह्याकडे. आरमोरीकडचे आहेत, बोलणं कमी. म्हणले, काकी, सोळा तारीख कोणी सांगतली? मी दूध उतू गेलं का पाहाले आत गेली. दूध चुलीवर नव्हतंच. पण पाहून घेतलेलं बरं.

४ फेब्रुवारी

ही वही कायले, ते लिहून ठेवते. उर्वशी रोज लॉगबुकात लिहिते. तारीख, किती वेळ उडली, काय केलं. म्हणे त्यात खोटं चालत नाई. मी म्हणलं, मी पण लिहीन. चौथी पास आहे, अक्षर गोल आहे. उर्वशीनं पहिलं पान पाह्यलं अन् म्हणली, आजी, इमान नाई, विमान लिही. मी म्हणलं, आमच्याकडे इमानच म्हणतात, बापजाद्यापासून. तवापासून वही तांदळाच्या कोठीत ठेवते.

निश्चय: सोळा तारखेबद्दल सरले एक शब्द बोलाचा नाई. मास्तरच्या कामात बोलू नये.

संध्याकाळी सरले कोहळ्याचे गोड बोंडं तळून देले. बोलली काहीच नाई. फक्त मोजून सोळा देले.

६ फेब्रुवारी

पोट्टी उदास. सरनं फायलीत लिहिलं, स्टॉल कच्चा. एवढंच ना! मी चार वर्षं बचतगटाच्या प्रदर्शनात पापडाचा स्टॉल चालवला, चंद्रपूरले. सरले म्हणलं, तिच्या स्टॉलचं माह्यावर सोपवा. सरनं समजावलं, काकी, वेग कमी झाला का पंखाचा आधार जाते. पंख असून इमान दगडावानी पडते. त्याले स्टॉल म्हणतात. मी म्हणलं, आमचाही असाच पडला होता, तिसऱ्या दिवशी, वादळात.

उर्वशीले सांगतलं, माय, वेग कमी करू नको, बस. एवढ्याशा गोष्टीले सर आठ दिवस लावून राह्यले.

९ फेब्रुवारी, रविवार

म्हणे आज सात सर्किट झाले. मी घाबरली. आमच्या अख्ख्या गावात दोनच सर्किट आहेत. एक झिंगू, अन् दुसऱ्याचं नाव लिहीत नाई, जावई आहे. मंग समजलं, सर्किट म्हणजे पट्टीभवती गोल चक्कर.

कुंपणाजवळ उभी राहून पाह्यलं. इमान खाली आलं, टेकलं, उडलं, टेकलं, उडलं, टेकलं. बाकीचे पोट्टे एका खेपेत एकदाच उतरतात. आमची तीनदा उतरली. सरले हे काऊन दिसत नाई?

जेवताना सर म्हणले, काकी, सोळा तारीख कठीण आहे. मी एक शब्द बोलली नाई. फक्त सांगतलं का इस्तारीनं गाडी ठरवली, बावीस जण येऊन राह्यले, अन् माह्या पोरानं, उर्वशीच्या बापानं, लटारूनं, दोन वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. लटारू गडचिरोलीले एसटीवर ड्रायव्हर आहे, त्याले रजा भेटत नाई. हे काही बोलणं नव्हे. ही माहिती.

११ फेब्रुवारी

तलावातली मरळ आणली. रस्सा केला. सरले माहिती देली. सरनं दोन तुकडे घेतले.

१२ फेब्रुवारी

पुन्हा मरळ. पुन्हा माहिती. सर म्हणले, पाहू.

पाहू म्हणजे होच. लग्न जमवणाऱ्या बाईले विचारा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उर्वशी दारातूनच ओरडत आली. चार वेळा उतरवलं, एकदाही उडी नाई! म्हणे, आजी, लोण्यावानी टेकलं. सरनं फायलीत लिहिलं, स्वतः उतरवते, मदत लागत नाई. सोळा तारीख पक्की!

माह्या गळ्यात पडून नाचली. मी पण नाचली. कंबर धरली आहे, पण ती सोळापर्यंत सुटन.

मरळीचा गुण. डोक्याले चांगली असते, असं माही आई म्हणे. सरच्या डोक्याले लागू पडली.

१४ फेब्रुवारी

आज मी खुशीत. सर जेवत होते तर त्याहिले माह्या लहानपणची गोष्ट सांगतली. बाप तलावात मासे धरे. मी दहा वर्षांची, मले डोंगा चालवणं शिकाचं होतं. मी वल्हवू लागली का बाप काठावरून म्हणे, वा वच्छला, एकटीच चालवून राह्यली! आठ दिवस मी राणी. गावभर सांगत फिरली. पण बापानं डोंग्याच्या बुडाले पाण्याखालून दोरी बांधली होती, अन् वळवत होता तोच. मले माहीतच नाई. नवव्या दिवशी त्यानं दोरी सोडली. डोंगा सरळ शिंगाड्याच्या वेलात. डोंगा वर, मी खाली. केसाले धरून काढलं. पोटातून अर्धा तलाव निघाला.

मी हसून हसून सांगतलं. सर हसले नाई. घास हातातच राह्यला. मंग हात धुवून उठून गेले.

काटा लागला असन. मरळीले काटे कमी असतात, तरी लागला. सुका भात गिळा म्हणून मागून ओरडली, पण ऐकलं नाई.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी सहा

लिहावं वाटत नाई. तरी लिहिते, नाईतर कोठीतली वही नुसती तांदूळ खाईन.

सर ओसरीवर आले. जेवाले नाई, बोलाले. उर्वशी खांबाले टेकून, डोळे लाल. सर उभ्याउभ्याच म्हणले, काकी, मी खोटं लिहिलं. गुरुवारी चारही वेळा इमान चालवाच्या दांड्यावर माहा हात होता. हलकाच. तिले कळू देलं नाई. तिले वाटलं तिनंच उतरवलं. आज पट्टीवरच्या मोठ्या साहेबाले जाऊन सांगतलं. फायलीतलं खोडलं, खाली सही केली. तिलेही सांगतलं. उद्या सोडत नाई.

मी म्हणलं, सर, एवढासा हात! हात तर मी सुनेच्या पोळीलेही लावते, म्हणून काय पोळी माही होते?

सर म्हणले, काकी, एका वेळी पट्टीच्या तोंडाशी वेग पडला होता. तिच्या ध्यानात नाई आलं. दांडा मी पुढं ढकलला. तवा मी बाजूले नसतो अन् खाली गवतात उभा असतो तर?

मी म्हणलं, खाली असता तर वडे गरम भेटले असते.

कोणी हसलं नाई. मी हात पुसाले पदर शोधला. पदर हातातच होता.

मंग सर म्हणले, लोकं येणार होते, तुम्ही रोज आठवण देत होत्या, मले नाई म्हणता आलं नाई. पण तुमचा दोष नाई, लिहिणारा हात माहा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. सर स्वतःच म्हणले, माहा दोष नाई.

उर्वशी मात्र माह्याकडे पाहून आत गेली. जेवली नाई. मोठ्या साहेबानं सरले झापलं म्हणे, अन् आता शिकवणाऱ्या दुसऱ्या मॅडमनं तपासल्याबिगर सरले कोणालेच सोडता येत नाई.

दृष्ट लागली, दुसरं काय. उद्या बावीस माणसं. वड्याची डाळ भिजून बसली आहे. डाळीले कोण सांगन, फुगू नको म्हणून?

१६ फेब्रुवारी, रविवार

बावीस नाई, सत्तावीस आले. इस्तारी नवीन टोपी घालून. फोन करून सांगता आलं असतं, पण माह्या फोनमध्ये रेंज नव्हती. साधना म्हणे तिच्याशी मी अर्धा तास बोलली. तेवढीच रेंज होती.

मी ठरवलं होतं का सांगाचं, इमानात बिघाड आहे. चांगलं वाक्य तयार केलं होतं, साधनाले फोनवर ऐकवूनही पाह्यलं होतं. पण सर फाटकातच उभे. सगळ्याहिसमोर हात जोडले अन् म्हणले, पोरीत खोट नाई, मी खोटं लिहिलं होतं, म्हणून आज सोडत नाई. माहा बिघाड तोंडातच राह्यला.

इस्तारी म्हणला, मास्तर, मागच्या खेपेस सोडता म्हणून भांडाले आलो. आता सोडत नाई म्हणून भांडू काय? सर म्हणले, भांडा. इस्तारीचा पुन्हा हिरमोड. कबूल करणाऱ्या माणसासंग भांडता येत नाई म्हणे.

साधनानं विचारलं, मास्तर, म्हणजे आतापर्यंत इमान तुम्हीच उडवत होते अन् पोट्टी हवा खात होती? उर्वशी भर आंगणात उभी होती. तिनं ऐकलं. सर म्हणले, नाई बाई, उडवते तीच. शेवटच्या दहा हाताचा प्रश्न आहे. साधना म्हणली, आमच्या पोराचंही शेवटच्या दहा मार्कांतच अडते.

मले वाटलं, लटारू तरी सरले चार शब्द सुनावन. बाप आहे. तर तो सरच्या बाजूले जाऊन बसला. तंबाखूचा खर्रा पुढं केला, सरनं घेतला नाई. मंग म्हणला, सर, माह्या बशीत चाळीस जण असतात. इथी माही एकच आहे. तुम्हाले वाटन तवा सोडा.

दोनशे वडे संपले. इमान उडलं नाई म्हणून भूक कोणाची उडली नाई. इस्तारी जाताना म्हणला, बाई, आता तुह्या फोनवर गाडी करत नाई.

१७ फेब्रुवारी

निश्चय तीन. सरले गोडधोड बंद. सरसंग बोलणं बंद. आकाशाकडे पाहणं बंद, डोक्यावरून इमान गेलं तरी.

पहिला दुपारी मोडला, कोहळं नासून राह्यलं होतं. दुसरा संध्याकाळी, भाजीत मीठ आहे का विचारणं भाग होतं. तिसरा चालू आहे.

१८ फेब्रुवारी

उर्वशी दोन दिवस सरसंग बोलली नाई. माह्यासंग तर चार शब्द. त्यातले दोन, भात नको. आज सकाळी आपणच सरच्या दारात गेली. अट घातली. उतरताना तुमचे दोन्ही हात गुडघ्यावर, मले दिसतील असे. दांड्याले हात लावला तर मोठ्यानं सांगाचं, लावला. सर म्हणले, हे मीच तुले सांगाले पायजे होतं.

साधनाले सांगतलं. ती म्हणली, म्हणजे मास्तरनं हात टेकले. मी म्हणलं, हो, गुडघ्यावर.

१९ फेब्रुवारी

आज सरनं दोनदा ओरडून सांगतलं, लावला! पोट्टीनंच घरी येऊन सांगतलं. लपवलं नाई. आमच्या घराण्यात हे कुठून आलं, कळत नाई.

आकाशाकडे पाह्यलं नाई.

२० फेब्रुवारी

आज त्या दुसऱ्या मॅडम बाजूले बसल्या. एकदाही हात नाई लावला. शेवटच्या खेपेत इमानानं एक उडी मारली म्हणे, बेडकावानी. पण उडी पोट्टीची स्वतःची, अन् सावरलंही तिनंच. गेल्या गुरुवारच्या लोण्यापेक्षा या एका उडीवर जास्त खुश. दोन ताटं भात जेवली. मॅडमनं फायलीत लिहिलं, खरंच स्वतः उतरवते. तो खरंच शब्द सरले लागला असन. भाजी दुसऱ्यांदा घेतली नाई.

मी विचारलं, मंग आता कवा? सर म्हणले, काकी, आता तारीख नाई सांगत.

मले नाई तर कोणाले सांगतील? मी काय गावभर सांगते?

आकाशाकडे पाह्यलं नाई. मान दुखते, तरी नाई.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी साडेआठ

आंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. आता इमानाचा आवाज आला. डोक्यावरून गेला. मी शेंगाकडेच पाह्यलं. निश्चय म्हणजे निश्चय. पुन्हा आला, अन् बंद. एकच चक्कर. सर आजकाल आळशी झाले. सातावरून एकावर आले.

त्याच दिवशी, दुपारी बारा

दहा वाजता उर्वशी घरी आली. डोक्यापासून पायापर्यंत ओली. वेणीतून पाणी गळून राह्यलं. मी उठलीच. म्हणलं, मरीमाय, तलावात पडली काय? फेब्रुवारीत कपड्यासकट आंघोळ! मागून सर, तेही ओले. मी म्हणलं, अन् तुम्हाले कोणी ढकललं? आल्याचा काढा ठेवाले धावली. पोट्टी नुसती हसून राह्यली अन् दात वाजून राह्यले. मी पाठीत एक धपाटा देला.

मंग सरनं सांगतलं. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्यावर सगळे मिळून बादलीनं पाणी टाकतात. तशी रीत आहे.

मी म्हणलं, कोण उडलं?

तेच. साडेआठले. तीच एक चक्कर.

सर पट्टीच्या काठाले इमान थांबवून खाली उतरले. म्हणले, जा. अन् गवतात उभे राह्यले, दोन्ही हात खिशात घालून. म्हणले, काकी, लई लांब चक्कर वाटली. बारा वर्षं शिकवून राह्यलो, पण खिशात एवढा घाम कधी आला नाई.

उर्वशीनं लॉगबुक उघडून दाखवलं. पान ओलं होऊ नये म्हणून दोन बोटानं धरून. मी अक्षर लावून वाचलं. २१ फेब्रुवारी. दहा मिनिटं. बाजूले सरचं नाव असते त्या रकान्यात आज तिचंच नाव.

या वहीत एवढे निश्चय केले. एकच पुरा पाळला. तोच नडला.

संध्याकाळी

साधनाले सांगतलं. ती म्हणे, मावशी, बिघाड दुरुस्त झाला वाटते? म्हणलं, अवो खरंच उडली. म्हणे, सोळालेही खरंच उडणार होती.

इस्तारीले फोन लावला. पहिल्या घंटीले उचलला, पण हो म्हणेना. म्हणला, बाई, शप्पथ घे. घेतली. म्हणला, तुह्या डोळ्यानं पाह्यलं?

आता पाह्यलं म्हणाले काय लागते? चौथी पास बाई बी म्हणू शकते. इमान कसं आलं, कसं टेकलं, पोट्टीनं वरून हात कसा हलवला, सगळं जिभेवर तयार होतं. अन् तो तिकडे दोनशे वड्यांची आठवण काढून हसत होता. पण सर समोरच भात कालवत बसले होते. माह्याकडे पाह्यलंही नाई. नुसते जेवत होते, उजव्या हातानं, अन् डावा हात गुडघ्यावर.

म्हणलं, नाई पाह्यलं रे. शेंगा सोलत होती.

तिकडून बराच वेळ आवाज नाई. मले वाटलं रेंज गेली, खरीखुरी. मंग इस्तारी म्हणला, बाई, तू नाई पाह्यलं म्हणतेस म्हणजे उडलीच असन.

सगळ्याहिले घेऊन येतो म्हणला, उर्वशीले उडताना पाहाले. वड्याची डाळ जास्त भिजव म्हणला. दोन मार्च, रविवार.